कामाची घडण आणि कामगाराची तब्येत: बडोद्याच्या कारखान्या-कचेऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी कर्मचारी विभागाचे काम पाहत असताना वार्षिक वैद्यकीय तपासणीत एका फिटरचा रक्तदाब 160/100 निघाला. वय 46, घर दांडिया बाजारात, तंबाखूचे व्यसन नाही, रोज सायकलने येणारे गृहस्थ. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले, आणि सहा महिन्यांनी आकडा जवळपास तिथेच होता. पुढे विम्याच्या कागदांसाठी त्यांच्या पत्नी कचेरीत आल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "रविवारी रात्री जेवताना ह्यांचा फोन ताटाशेजारीच असतो. मेसेज वाजला की हातातला घास हातातच राहतो." आमच्याकडे येत्या आठवड्याच्या पाळ्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास सुपरवायझरच्या मोबाइलवरून जाहीर होत असत. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचे की रात्री अकराला, हे माणसाला अंथरुणावर पाठ टेकायच्या तासभर आधी कळत असे. गोळी बदलणे माझ्या हातात नव्हते. पाळ्यांचा तक्ता मात्र माझ्या टेबलावरून सही होऊन जात होता, आणि त्या कागदाचा कोणाच्या रक्तदाबाशी संबंध असेल असे मला तोवर सुचलेही नव्हते.

हा लेख अशा सही करणाऱ्यांसाठी आहे: पन्नास ते पाचशे माणसांच्या कारखान्याचे व्यवस्थापक, कर्मचारी अधिकारी, पाळीप्रमुख, शाळा-दवाखान्यांच्या कचेऱ्या सांभाळणारे. पाळ्यांच्या त्या कागदासारख्या गोष्टींना कामाची मनोसामाजिक परिस्थिती म्हणतात. हा शब्द जड वाटला तरी त्यातली गोष्ट रोजची आहे. यंत्र, धूर, आवाज आणि उष्णता वगळल्यावर कामात जे उरते ते सगळे तिच्यात येते: काम किती आणि किती वेळात करायचे, ते कसे करायचे हे ठरवण्यात करणाऱ्याचा किती वाटा, अडल्यावर मदतीला कोण, कष्टाच्या बदल्यात काय मिळते, नोकरी टिकेल का, आणि वरचा माणूस कोणत्या शब्दांत बोलतो.

शरीरापर्यंत हे पोहोचते कसे

धोका जाणवला की शरीर अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते. प्रसंग सरला की सगळे पूर्ववत व्हावे अशी निसर्गाची योजना आहे. जिथे प्रसंग सरतच नाही, म्हणजे महिनाअखेरीचे टार्गेट संपते न संपते तोच पुढच्या महिन्याचे सुरू होते आणि फोन रात्रीही वाजतो, तिथे ही योजना उलटते. झोप तुटते, मान आणि कंबर आखडते, पोट बिघडते, रक्तदाब आणि साखर चढीच राहते, आणि माणूस जागे राहण्यासाठी चहा, मावा, विडी यांचा आधार घेतो, ज्याचा बोजा पुन्हा त्याच हृदयावर पडतो.

नुसते जास्त काम हा यातला सगळ्यांत घातक भाग नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या विचारानुसार मागणी मोठी आणि ताबा कमी, अशी जोडी जुळते तेव्हा ताण सर्वाधिक होतो. तितकेच काम असूनही ज्याला क्रम, वेग किंवा पद्धत स्वतः ठरवता येते तो बराच सावरून राहतो. जर्मनीतील योहानेस झीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये दुसरी बाजू दाखवली: कष्ट आणि मोबदला यांचा तोल सुटला की तब्येत बिघडते, आणि या मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. लंडनच्या सरकारी नोकरांची 1967 मध्ये सुरू झालेली व्हाइटहॉल पाहणी तर साहेबांना हृदयविकार जास्त होतो या समजुतीच्या अगदी उलट निघाली. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीपेक्षा अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहत होता. 2012 मध्ये युरोपातील 13 अभ्यासांची, सुमारे दोन लाख माणसांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा जास्त मागणी आणि कमी ताबा असलेल्या कामांत हृदयविकाराचा धोका 23 टक्क्यांनी अधिक आढळला.

तासांचा हिशोब याहून रोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो, आणि एकट्या 2016 या वर्षात अशा लांब तासांशी निगडित मृत्यू सुमारे 7 लाख 45 हजार होते. आठ तासांची पाळी, आठवड्यातून दोन डबल ड्यूट्या: बेरीज 64 होते. आपल्या वसाहतींत ही बेरीज कोणाला नवी नाही.

पहिली पायरी: कपाटातले आकडे आधी वाचावेत

प्रश्नावली छापण्यापूर्वी आपल्याकडे पडून असलेले कागद काढावेत. मागील बारा महिन्यांचे मस्टर, न सांगता झालेले खाडे, उशिरा येण्याच्या नोंदी, ओव्हरटाइमचे तास, राजीनामे, किरकोळ अपघातांची वही, परत आलेला किंवा नापास झालेला माल. उभ्या रकान्यात महिने, आडव्या ओळीत विभाग आणि पाळ्या, असा साधा तक्ता करावा. व्यक्तींची नावे त्यात मुळीच घेऊ नयेत, कारण नाव दिसले की वाचणाऱ्याची नजर विभागावरून माणसावर घसरते आणि "हा आहेच तसा" या वाक्यापाशी सगळा तपास थांबतो.

आमच्या पॅकिंग विभागाचे खाडे असे मांडले तेव्हा ते दर महिन्याच्या 1 ते 5 तारखेत दाटलेले दिसले. वरिष्ठांचा तर्क होता की पगार हातात आला की मंडळी दांडी मारतात. पगार मात्र 7 तारखेला होत असे. ओव्हरटाइमचा रकाना शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला: 26 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत रवानगीसाठी तीच माणसे सलग बारा-बारा तास उभी असत आणि पहिल्या आठवड्यात त्यांचे शरीर ती उसनवारी फेडून घेत असे. तो तक्ता तयार करायला मला एक दुपार लागली होती. मेमो मात्र आम्ही दोन वर्षे देत आलो होतो, आणि त्यांतल्या कित्येकांवर माझी सही आहे, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी पायरी: विचारावे, पण भीती न घालता

आता माणसांशी बोलावे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने 2004 मध्ये सहा विषय निश्चित केले: मागणी, ताबा, आधार, परस्परसंबंध, भूमिका आणि बदल. कोपनहेगन येथे तयार झालेली मनोसामाजिक प्रश्नावली याहून विस्तृत असून अनेक देशांत वापरली जाते. लहान कारखान्याने या सहा विषयांवर पंधरा-वीस साधे प्रश्न तयार केले तरी पुरते. प्रश्नाची भाषा घरातली असावी. "आपल्या कामावर आपले नियंत्रण आहे का?" असे विचारल्यास उत्तर येत नाही. "पाणी प्यायला किंवा लघवीला जायचे तर कोणाची परवानगी लागते का?" याला लगेच येते. "दोन साहेब एकाच वेळी दोन वेगळी कामे सांगतात, असे आठवड्यातून किती वेळा होते?", "पुढच्या आठवड्याची पाळी किती दिवस आधी कळते?", "चूक झाली तर ती सांगावीशी वाटते की लपवावीशी?", "घरी गेल्यावर कामाचे फोन येतात का?", असे प्रश्न असावेत.

बडोद्यात एकाच मशीनवर मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारे शेजारी उभे असतात, म्हणून कागद तिन्ही भाषांत असावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाहेरच्या माणसाने वाचून दाखवावा. नाव, टोकन क्रमांक, हस्ताक्षर यांपैकी काही घेऊ नये. खुणेसाठी चौकोन पुरेसे आहेत. पेटी सुपरवायझरच्या केबिनमध्ये ठेवू नये. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे उत्तर स्वतंत्र दाखवू नये, कारण पाच जणांच्या टूलरूममध्ये कोण काय बोलले हे दुसऱ्या मिनिटाला कळते. कंत्राटी कामगारांना वगळणे ही सर्रास होणारी चूक आहे. सर्वांत अस्थिर पाळ्या आणि सर्वांत कमी ताबा बहुधा त्यांच्याच वाट्याला असतो, आणि तेच गाळले तर अहवाल सुंदर दिसतो.

एक अट मी स्वतःला घालून घेतली होती व तीच सुचवतो. उत्तरांवर काही करण्याची मालकांची तयारी नसेल तर विचारूच नये. विचारून गप्प बसणाऱ्या कचेरीवरचा विश्वास न विचारणाऱ्या कचेरीपेक्षा लवकर जातो.

तिसरी पायरी: दोनच गोष्टी निवडाव्यात

यादी लांब निघेल. तीतून अशा दोन बाबी घ्याव्यात ज्या बऱ्याच जणांना लागू आहेत आणि तीन महिन्यांत बदलता येतात. निवडीच्या बैठकीत त्या विभागातील किमान दोन कामगार असावेत. बाकीची यादी फाडू नये, फळ्यावर राहू द्यावी.

चौथी पायरी: कामाची घडण बदलावी

इथे बहुतेक संस्था वाट चुकतात. योगाचे शिबिर भरते, ताणावर व्याख्यान होते, भिंतीवर सुविचार लागतो, आणि पाळ्या रविवारी रात्री साडेनऊलाच जाहीर होत राहतात. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो. परंतु मनोसामाजिक धोक्यांविषयी 2021 मध्ये आलेले आयएसओ 45003 हे मार्गदर्शक मानकही धोका उगमापाशी काढण्याला प्राधान्य देते. गळणाऱ्या पाइपाखाली काम करणाऱ्याला छत्री देण्याआधी पाइप दुरुस्त करायचा असतो.

पाळ्यांपासून सुरुवात करावी, कारण खर्च सर्वांत कमी आणि परिणाम लवकर दिसतो. किमान दोन आठवडे आधी तक्ता लावावा. फेर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असावा. उलटा फेर शरीराला जड जातो. दोन पाळ्यांत किमान 11 तासांची विश्रांती राहील असे पाहावे, युरोपात 2003 च्या निर्देशाने हीच मर्यादा घातली आहे. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला सकाळी सातला बोलावले तर घरी जाऊन, जेवून, झोपून परत यायला त्याच्याकडे आठच तास उरतात. रात्रपाळीकडे विशेष लक्ष द्यावे. शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीकामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या गटात ठेवले आहे. त्यात बडोद्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातील अरुंद गल्लीतल्या, दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली, दुपारी बाराला झोप लागणे किती अवघड असते हे एकदा तिथे जाऊन पाहावे. एप्रिल ते जून सलग रात्रपाळ्यांची संख्या दोन-तीनवर आणावी.

रजेवरचा ताबा हाही ताबाच आहे. आमच्याकडे मराठी घरांना गणपतीत सुट्टी हवी असते, गुजराती सहकाऱ्यांना नवरात्रात रात्री मोकळ्या हव्या असतात, आणि 14 व 15 जानेवारीला उत्तरायणात गच्चीवर जायचे प्रत्येकालाच असते. जूनमध्ये मोठा कागद लावून ज्याने त्याने आपापल्या विभागात रजा आपसांत वाटून लिहाव्यात असे आम्ही ठरवले, आणि सुपरवायझरने फक्त किमान हजेरी किती लागेल तेवढे सांगितले. गणपतीच्या दहा दिवसांत गुजराती मंडळींनी पाळ्या उचलल्या, नवरात्रात मराठी मंडळींनी. पूर्वी याच दिवसांत खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रे येत असत.

तासांबाबत कायद्याची रेघ जुनी आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर ठरवला होता. माझे म्हणणे असे की पैसे चोख दिले म्हणजे तास निरुपद्रवी होत नाहीत. प्रत्येक माणसाच्या आठवड्याच्या एकूण तासांची बेरीज दर शनिवारी काढावी, आणि ती 55 च्या जवळ गेली की पुढच्या आठवड्यात त्याच्या नावावर जादा काम लिहू नये, त्याने स्वतः मागितले तरी. तो मागतो आहे कारण मूळ पगारात भागत नाही, हा प्रश्न खरा आहे आणि तो पगाराच्या टेबलावर सोडवावा. महिनाअखेरीची गर्दी विक्री विभागाशी बोलून विभागता येते. आमच्या दोन मोठ्या ग्राहकांनी माल 20 तारखेला घ्यायला एका फोनवर होकार दिला. तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

मानाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी घेतली आहे, कारण तिच्यावर लिहिताना मला याच शहरातला एक इतिहास आठवतो. 1917 मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत, तिथे त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, आणि शहरात राहायला जागाही मिळाली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. कामाटीबागेतील संकल्पभूमी हे स्मारक त्याची साक्ष आहे. कामाच्या जागी जात, भाषा, गाव, बाईपण किंवा कंत्राटीपण यांवरून होणारा अपमान हा आरोग्याचा विषय आहे, आणि तो शोधायला प्रश्नावलीही लागत नाही. पाण्याचा माठ आणि ग्लास कोणासाठी वेगळे आहेत, जेवणाच्या सुट्टीत कोण एकटे बसते, कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला "ए" म्हणून, हे कँटीनमध्ये एक आठवडा रोज जेवले तर दिसते. लैंगिक छळाच्या बाबतीत 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. तिच्या सदस्यांची नावे महिलांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे लावावीत, जिथे ती उभे राहून, कोणी न बघता वाचता येतील.

पाचवी पायरी: सुपरवायझरला बोलायला शिकवावे

कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर. हा माणूस बहुधा उत्तम कारागीर म्हणून बढती मिळालेला असतो, आणि माणसांशी कसे बोलावे हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. वरून त्यालाही टार्गेट असते, म्हणून त्याचे स्वतःचे तास आणि ताण आधी मोजावेत. मग एकच संभाषण चार-पाच वेळा सराव करून घ्यावे. एखादा नियमित माणूस गप्प राहू लागला, चिडू लागला, हातून चुका होऊ लागल्या, जेवण टाळू लागला, तर दोन आठवड्यांच्या आत त्याला बाजूला घ्यावे, उभ्याने बोलू नये, इतरांसमोर बोलू नये.

"भाऊ, गेले तीन शनिवार तुम्ही आला नाहीत. जाब विचारायला बोलावलं नाहीये. घरचं काही आहे का, की इथलंच काही आहे?"

एवढे बोलून थांबावे. पहिले उत्तर "काही नाही, साहेब" असेच येते. त्यानंतरची शांतता सुपरवायझरला सोसत नाही आणि तो उपदेश सुरू करतो. सरावाचा खरा उपयोग ती शांतता सोसायला होतो. "सगळ्यांनाच ताण असतो", "आमच्या वेळी तर", "मन घट्ट करा" ही वाक्ये वर्ज्य. शेवटी "इथलं एक काय बदललं तर बरं वाटेल?" हे विचारावे, आणि जे हातात आहे ते त्याच आठवड्यात करावे.

सहावी पायरी: जो आजारी पडलाच आहे त्याच्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट ही कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदली आहे, आजार म्हणून नव्हे. शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे ही तिची तीन लक्षणे. नैराश्य किंवा चिंताविकार मात्र आजार आहेत, त्यांवर उपचार आहेत, आणि दोहोंतला फरक कर्मचारी अधिकाऱ्याने ठरवू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि रस गेलेला असेल तर डॉक्टरांकडे पाठवावे. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा निघाली तर त्याच दिवशी, कोणाला तरी सोबत देऊन. टेली-मानस ही शासनाची 14416 क्रमांकाची सेवा विनामूल्य आणि चोवीस तास चालते. बडोद्यात कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे, सयाजीराव रुग्णालयातही तपासणी होते. हे तिन्ही पत्ते पगाराच्या पावतीच्या मागे छापावेत, म्हणजे घरच्यांच्याही हाती पडतात. कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) कामगाराला आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळू शकतो. खासगी गटविमा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते. पॉलिसीचा कागद काढून तसे लिहिले आहे का ते तपासावे. रोगाचे नाव सुपरवायझरला सांगण्याची गरज नाही, कोणते काम काही दिवस देऊ नये एवढे सांगितले की पुरते.

परतीची तयारी रजा संपण्याच्या आठवडाभर आधी करावी. पहिले दोन आठवडे दिवसपाळी, ओव्हरटाइम नाही, आणि ज्या कारणाने माणूस खचला ते कारण तिथून हलले आहे का याची खात्री कर्मचारी अधिकाऱ्याने स्वतः विभागात जाऊन करावी. तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतला तक्ता पुन्हा काढावा, जुन्याशेजारी ठेवावा आणि दोन्ही फळ्यावर लावावेत, सुधारणा झालेली नसली तरीही. रजेवरच्या माणसाचे टोकन आणि लॉकरची किल्ली दुसऱ्या कोणाला देऊ नये. ते फिटर पुढे पाच आठवड्यांच्या आजारपणानंतर परतले तेव्हा त्यांनी हजेरीआधी किल्ल्यांच्या फळीकडे पाहिले, आपल्या खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली, आणि मग शेजारच्या फळ्यावर दोन आठवड्यांच्या पाळ्या वाचत उभे राहिले.